भिकाजीचा बुद्ध आणि माझी घंटा

आमच्या शेजारच्या भिकाजी ओताऱ्याला कुणी खोटं पाडायला गेलं, की तो वाद घालत नसे. होता तिथं, तो ज्या बुद्धाच्या मूर्ती ओतायचा त्या बुद्धासारखा, मटकन मांडी घालून बसायचा. डावा तळहात उताणा मांडीत, उजवा हात गुडघ्यावरून खाली आणि बोटांची टोकं जमिनीला. मग अगदी शांतपणे म्हणायचा, "माझं नको ऐकू. भुईला विचार." संपलं. पुढं चकार शब्द नाही. आता समोरचा माणूस काय भुईला विचारणार? तो आपला डोक्याला हात लावून चालता व्हायचा, आणि बघणाऱ्यांना वाटायचं, भिकाजीच खरा.

जागा कुठली, प्रसंग कुठला, काही बघायचा नाही. एकदा मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव ऐन रंगात आला होता. चंद्रा खारवीण म्हणाली, सुरमय आजची आहे. हा म्हणाला, कालची. ती म्हणाली, "तुला रे डोंबल काय कळतंय मासळीतलं? तू आपली भांडी वितळव!" झालं! बसला तिथंच. खाली माशांचं पाणी, खवले, आणखी काय काय. उठला तेव्हा त्याच्या धोतराची जी दशा झाली होती ती आमच्या आळीला पुढं कितीतरी दिवस वासावरून कळत होती. पण चंद्रानं सुरमय बदलून दिली, हेही खरं.

एकदा कसल्याशा बांधाच्या तंट्यात त्याची साक्ष होती. कचेरी माडीवर. खरं बोलेन म्हणायची वेळ आली, तर हा खाली बघत नुसता उभा. म्हणाला, "साहेब, इथं भुई नाय, फळ्या हायत. फळीला काय ठावं?" शेवटी तो जिना उतरून अंगणात जाऊन बसला, आणि कारकुनानं खिडकीतून मान बाहेर काढून साक्ष लिहून घेतली. भाट्याच्या तरीवर तर तो तोंडच उघडत नसे. खाली पाणी. म्हणजे बोललेल्याला साक्षीदार कोण?

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर लोकांनी त्याला सरळ वेडा ठरवला असता. भिकाजीला मात्र म्हणायचे, "कलावंत माणूस!" इथंच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कारण ओतारी मीही होतो. आमचं घर त्याच्या घराला लागून, मध्ये जांभ्या दगडांचा नुसता रचलेला गडगा, चुना नाही की माती नाही. माझ्या वाडवडलांनी अर्ध्या तालुक्यातल्या देवळांच्या घंटा ओतल्या. शिमग्याला पालखीत देवांची जी रूपं लागतात, त्यांतले कितीतरी मुखवटे आमच्या भट्टीत जन्मले. आणि भिकाजीचा बाप? तो फुटक्या भांड्यांना डाग देत गावोगाव हिंडायचा. त्या बापाचा हा मुलगा, आणि लोक आमच्या दारावरून पुढं जाऊन ह्याच्या दारात उभे राहायचे.

मी भिकाजीवर जळायचो. उगाच आडपडदा कशाला? कुणाला दमा असतो, कुणाला संधिवात असतो. मला भिकाजी होता.

तो हे बुद्ध ओतायला कुठं शिकला, तेही सांगतो, म्हणजे माझं दुःख तुम्हाला नीट कळेल. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला राज्यावरून काढून आमच्या रत्नागिरीत आणून ठेवलं होतं. राजाबरोबर जी ब्रह्मी माणसं आली त्यांत एक ओतारी होता. त्याचं खरं नाव आमच्या जिभेला वळत नसे, म्हणून सगळे त्याला फोमामा म्हणत आणि त्याच्या बायकोला फोमामी. पुढं राजा वारला, त्याची माणसं आपल्या मुलखाला परतली. हे दोघं मात्र इथंच राहिले. इथल्या पाण्याची सवय झाली, म्हणायचे. तर हा फोमामा शिष्य शोधायला निघाला तेव्हा आधी कुणाकडं आला? माझ्याकडं! माझ्या पडवीत बसला, माझ्या तबकातलं पान खाल्लं आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "मेणाची मूर्ती. शिकतो?" मी म्हटलं, "मामा, शिमगा तोंडावर आलाय, घंटा संपवायच्यात. मग बघू." तो हसला, उठला आणि गडग्यापलीकडं गेला. तो परत काही आला नाही.

फोमामा वारला तोवर त्याचा हात भिकाजीच्या हातात उतरला होता. मग सुरू झालं कौतुक. मुंबईचे शेठलोक बोटीनं यायचे, पडावातून बंदरावर उतरायचे आणि "ते बुद्ध करणारे ओतारी कुठं राहतात हो?" म्हणून विचारायचे ते नेमके मला, कारण माझं घर आधी लागतं. एका शेठनं आमच्याकडं कोकमाचं सरबत घेतलं, माझी घंटा वाजवून बघितली, "वा!" म्हणाला, तोंड पुसलं आणि निघाला शेजारी. सरबत माझं आणि मूर्ती त्याची! बायको म्हणाली, "अहो, पाहुणा आहे, जाऊ द्या." जाऊ दिला. न देऊन काय करतो?

तिकडं भिकाजीला त्याचं काही सुखदुःख नाही. शेठ समोर उभा असला तरी हा त्याच्या तोंडाकडं बघायचा नाही, कानाकडं बघायचा. कानांचं भारी वेड त्याला. बुद्धाचे कान खांद्यापर्यंत लोंबतात ना, ते का, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला, मलासुद्धा, सांगायचा. "राजाचा पोर होता तो. कानात सोन्याचं ओझं घातलेलं. एक दिस उठला नि सगळं काढून टाकलं. पण कान ओढले गेले ते ओढलेलेच राहिले. सोनं टाकलं तरी भोक राहतंच, गणू. ते बुजवायचं नाय. मूर्तीत तेच तर दाखवायचं."

हे ठीक आहे. पण म्हणून माणसानं सावकाराच्या म्हाताऱ्या बायकोच्या मागं मागं सगळी रामआळी पालथी घालायची? बाईंचे कान जन्मभर दागिने वागवून चांगले लांब झाले होते, आणि हा दोन पावलं मागं, मान वाकडी करून बघत चाललेला. शेवटी त्यांचा गडी छत्री उगारून धावला. भिकाजी लगेच खाली बसला, बोटं टेकवली. "मी कान बघत हुतो. भुईला विचार." आणि ऐका, त्या बाई हसल्या! नुसत्या हसल्या नाहीत, भर रस्त्यात उभ्या राहून त्यांनी ह्याला मान इकडून तिकडून वळवून दोन्ही कान दाखवले. मी कुणाच्या बायकोचा कान बघितला असता, तर मला माडाला बांधून ठोकला असता.

माझ्या आणि त्याच्या परसामधल्या गडग्यात एक दगड जरा सैल होता. तो मी काढून ठेवायचो. शेजारी काय चाललंय ते माणसाला ठाऊक असावं, एवढ्याचसाठी. भिकाजीनं मेण हातात घेतलं की मी आपला फटीपाशी.

मेणात राळ घालून तो ते ऊन करायचा, कणकेसारखं मळायचा. मग आधी आसनाचं कमळ, मग मांडी, मग धड. तोंड सगळ्यात शेवटी. बांबूची एक चपटी काडी आणि ओला अंगठा, एवढीच त्याची हत्यारं. डोळे तो कधी पूर्ण उघडे करायचा नाही की पूर्ण मिटलेले. अर्धे. "अर्धे का रे?" मी एकदा बाजारात त्याला विचारलं. "बाहेरचंही बघतोय, आतलंही बघतोय," म्हणाला. आणि मनात राग असला की त्या दिवशी तोंडाला हात लावायचा नाही. एकदा कोळसेवाल्याशी भांडून आला आणि तसाच बसला करायला, तर बुद्ध असा काही कपाळाला आठ्या घालून बसला होता, की आता उठून कुणाच्या तरी कानाखाली वाजवेल. भिकाजीनं तो तसाच चुलीवरच्या कढईत टाकला आणि दिवसभर जेवला नाही.

मग मेणावर माती. पहिला थर सायीसारखा मऊ, शेणाचं पाणी आणि तुसाची राख घातलेला. मग जाडाभरडा. ते वाळलं की तापवायचं, म्हणजे मेण वितळून वाहून जातं आणि आत राहते नुसती देवाची जागा. त्या जागेत धातूचा रस ओतायचा. निवल्यावर माती फोडायची. साचा गेला तो गेला, तसा दुसरा बुद्ध पुन्हा नाही.

हे सगळं बघताना मला गप्प बसवत नसे. "लाव मेण, लाव. आता ओघळेल बघ. अरे, नाक बसकं झालं, मेल्या! खांदा बघ खांदा, हमालाचा केलास." असं माझं पुटपुटणं चालायचं. हळू आवाजात, अर्थात.

त्याची बायको तानी होती तोवर तीही बघायची. पडवीच्या पायरीवर सूप घेऊन बसायची, तांदूळ निवडता निवडता मान वर करून एक नजर टाकायची आणि पुन्हा निवडायला लागायची. पटकीच्या साथीत ती गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर भिकाजी एकटाच रांधायचा, एकटाच जेवायचा, आणि जेवण झालं का म्हणून जगाला विचारत हिंडायचा.

आता खरी हकीकत.

फोमामी थकली होती. चिरूट वळून विकायची आणि त्यावर गुजराण करायची. एक दिवस काठी टेकत भिकाजीच्या परसात आली आणि म्हणाली, "मी आता माझ्या मुलखाला जात नाही. एक बुद्ध कर. माझ्या घरात पाहिजे. त्याच्यासमोर मरते." भिकाजीनं तिच्या पायाला हात लावला आणि कामाला बसला.

तर ब्रह्मी लोकांची एक रीत अशी, की घरच्या बुद्धाला धातू विकत आणायची नाही. माणसं आपापल्या घरचं काही ना काही आणून वितळवायच्या मुशीत टाकतात. भिकाजीनं ते मनावर घेतलं. "विकतच्या धातूचा बुद्ध दुकानात बसतो," म्हणाला, "दिलेल्या धातूचा घरात बसतो." आणि टोपली घेऊन निघाला घरोघर. लोकांनी दिलं हो! मास्तरांनी पितळेची दौत दिली. न्हाव्यानं चेपलेली वाटी दिली. अत्तरवाल्या चाचांनी गुलाबदाणीचं बूड दिलं. चंद्रा खारविणीनं मोठी थोरली तांब्याची हंडी आणून टोपलीत आदळली. फोमामीनं मनगटातली चांदीची बांगडी काढून दिली.

आमच्या घराच्या उजव्या हाताला मागितलं, डाव्या हाताला मागितलं, समोर मागितलं. आमच्या दारावरून मात्र टोपली पुढं गेली.

"अहो," बायको म्हणाली, "आपल्याकडं नाही आला."

"बघितलं मी. डोळे आहेत मला."

तिनं बिचारीनं एक जुना तांब्या चिंच लावून लखलखीत घासून उंबऱ्याशी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी भिकाजी पुन्हा गेला दारावरून. त्यानं तांब्या बघितला. मला बघितलं. "काय गणू, जेवलास?" म्हणाला आणि चालू लागला!

मला सांगा, ह्याला काय म्हणायचं? सगळ्या आळीत धातूतलं कळणारा माणूस एक मी. आणि न्हाव्याची वाटी चालते, माझा तांब्या चालत नाही? माझ्या घरची धातू काय सुतकातली होती? जेवण जाईना. बायको म्हणाली, "तुम्हीच नेऊन द्या की. नको थोडंच म्हणणार आहे?" मी म्हटलं, "न मागता? मी? त्याच्या दारात?" तिनं तांब्या उचलून पाण्याला लावला आणि त्यावर पुन्हा बोलली नाही.

मग मीही ठरवलं. सावर्ड्याच्या बाजूच्या एका गावानं देवळासाठी घंटा सांगितली होती, शिमग्याच्या आत पाहिजे होती. भिकाजी ज्या दिवशी बुद्ध ओतेल त्याच दिवशी मी घंटा ओतणार. आळीत दोन भट्ट्या पेटलेल्या दिसल्या पाहिजेत. धूर काय एकट्या त्याचाच निघतो?

तो दिवस उजाडला. सकाळीच त्याच्या परसात ही गर्दी! माझ्या परसात मी आणि माझी बायको. मी कासं मुशीत टाकलं, भाता मारला, घंटेचा साचा खड्ड्यात नीट बसवला आणि मधून मधून फटीपाशी जाऊन आलो.

त्याचाही साचा खड्ड्यात पुरलेला होता, डोकं खाली आणि आसन वर. देव ओतताना उलटाच असतो, म्हणजे तोंड आधी भरतं आणि चांगलं भरतं. मूस तापत होती. वितळायची राहिलेली धातू शेजारी होती, त्यात ती हंडी. एवढ्यात चंद्रा धावत आली, पदर सावरायचंही भान नाही. "भिकाजी, हंडी दे रे बाबा! म्हातारीची होती ती. माझ्या सासूची. न विचारता आणली मी. कालपासून पाणी घेत नाय ती."

भिकाजीनं हंडी उचलून तिच्या हातात दिली. "घेऊन जा गो. कुणाला रडवून आणलेलं रसात मिसळत नाय."

"मेल्या, वजन!" मी फटीतून म्हणालो. "वजनाचं काय?"

कारण मूर्तीचं मेण तोलून त्या हिशेबानं धातू घ्यायची असते, आणि ती हंडी चांगली वजनदार होती. भिकाजी उरलेल्या ढिगाकडं बघत उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, बाजारातून पितळ आणू. "विकतचं नको," तो म्हणाला. "होईल एवढ्यात."

होणार नव्हतं. त्याला वाटत होतं होईल, मला दिसत होतं होणार नाही. काय सांगू, मला आतून असा आनंद झाला! हात चोळत मी माझ्या भट्टीपाशी गेलो, माझं कासं बघितलं. पाण्यासारखं झालं होतं. आता ओतायचं. पण म्हटलं, आधी शेजारची फजिती बघू, घंटा कुठं पळून जात नाही.

भिकाजीनं सांडशीत मूस धरली, उचलली आणि धार सोडली. हात स्थिर, हे कबूल. फोमामी हात जोडून, डोळे मिटून तोंडानं काहीतरी म्हणत होती. साचा भरत आला की बाजूच्या नळ्यांतून रस वर डोकावतो. मी नळ्यांकडं बघत होतो. डोकावत नव्हता. धार बारीक झाली. अजून नाही. भिकाजीचा चेहरा पांढरा पडला, कारण आता त्यालाही कळलं होतं. धार तुटली, की मागून ओतलेला रस जुळत नाही. डोकं, धड, मांडी सगळं होणार आणि आसनाच्या जागी भोक. बुद्ध बसणार कशावर? त्या गर्दीत हे फक्त दोघांना कळत होतं. फोमामी आपली डोळे मिटून म्हणतच होती.

इतकी वर्षं मी ज्या घटकेची वाट बघत होतो ती ही घटका. आणि मेली ती मला बघवेना. धार तुटायला लागलेली ओताऱ्याच्या डोळ्यांना बघवत नाही, मग ती वैऱ्याची का असेना.

"धार तोडू नको!" मी ओरडलो. "बारीक धर! मी आलो!"

मूस सांडशीत उचलली, गडग्याला लाथ घातली. दगड धडाधड कोसळले. मागून बायको किंचाळली, "अहो, घंटा! घंटेचं कासं ते!"

"गेली घंटा चुलीत! सर बाजूला!"

माणसं पांगली. भिकाजीच्या मुशीतून शेवटचा थेंब पडायच्या आत माझी धार सुरू झाली. दोघांच्या मुशी एकमेकींना लागल्या होत्या. तो माझ्याकडं बघत नव्हता, मी त्याच्याकडं बघत नव्हतो, दोघंही नळ्यांकडं बघत होतो. मग पहिल्या नळीत लाल ठिपका आला. दुसरीत आला. सगळ्या नळ्या उजळल्या. माझी मूस रिकामी झाली होती. फोमामीनं डोळे उघडले आणि विचारलं, "झालं?"

भिकाजी म्हणाला, "झालं, मामी."

साचा निवल्यावर फोडला तेव्हा मीही होतो तिथं. बोलावलं नव्हतं, पण आता गडगाच नव्हता. माती पडत गेली आणि आतून तो आला. अंग तांबूस, सगळ्या गावाच्या भांड्यांचं. आसन पांढुरकं पिवळं, माझ्या कांशाचं. आणि दोन रंगांची सीमा नेमकी कुठं यावी? उजव्या हाताची बोटं जिथं टेकली होती तिथं.

लोक बघतच राहिले. मास्तर म्हणाले, "अहाहा! भुई वेगळ्या धातूची केली! काय ही भिकाजीची कल्पना!"

भिकाजीची कल्पना! माझी घंटा गेली, माझा गडगा गेला, घंटा सांगितलेल्या गावकऱ्यांना मी साचा फुटला म्हणून थाप मारणार, आणि कल्पना भिकाजीची! मी तोंड उघडणार तेवढ्यात फोमामी पुढं आली. तिनं त्या आसनावरून बोट फिरवलं, माझ्याकडं बघितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ती बुद्धाला पदरानं झाकून, दोघांकडून उचलवून घरी घेऊन गेली. त्यामुळं मला त्या वेळी मनासारखं भांडता आलं नाही.

म्हणून मी भांडण दुसऱ्या दिवसावर ठेवलं. संध्याकाळी गडगा रचायला घेतला होता. भिकाजी पलीकडून आला आणि एकेक दगड उचलून माझ्या हातात द्यायला लागला. थोडा वेळ मी सोसलं.

"एक सांग," मी म्हटलं. "सगळ्या आळीला मागितलंस. न्हाव्याला मागितलंस. माझ्या उंबऱ्यावर तांब्या घासून ठेवलेला बघितलास नि जेवलास का विचारून गेलास. मला का नाय मागितलंस? माझ्या घरची धातू तुला वाईट?"

तो हातातल्या दगडाची माती पुसत राहिला.

"देणारे आले, देऊन गेले," तो म्हणाला. "देऊन झालं, की माणूस आपल्या घरी जातो. मेण कुणी बघितलं, गणू? माती कुणी बघितली? तानी हुती तवा पायरीवर बसायची. ती गेली नि मला वाटलं, पुरे आता. एक बुद्ध अर्धा झाला हुता, तो मोडायला घेतला. तर ह्या गडग्याआडून आवाज आला, 'नाक बसकं झालं, मेल्या.' बघितलं तर खरंच बसकं हुतं."

माझा हात थांबला. "तुला ऐकू यायचं?"

"सगळं. तू आता फसणार म्हणालास, की मी पुन्हा तपासायचो. काल तू वजन म्हणून ओरडलास, तेवढं एक नाय ऐकलं. बघ काय झालं." तो जरासा हसला. "तुला मागितलं असतं तर दिलं असतंस तू. राग गेला असता तुझा. मग बघायला कोण येणार?"

मनात दिवसभर जुळवून ठेवलेल्या शिव्यांतली एक आठवेना. मी दगड लावला. त्यानं दुसरा दिला.

"गेल्या पावसाळ्यात तू हिवतापानं पडला हुतास ना," तो म्हणाला, "तवा माझी भट्टी बंद हुती. लोकांना सांगितलं, कोळसा भिजलाय."

"भिजला नव्हता?"

"नाय."

तो पावसाळा मला चांगला आठवत होता. घोंगडीखाली कुडकुडत मी रोज कान देऊन ऐकायचो, आणि पलीकडचा भाता वाजत नाही म्हणून तापातसुद्धा मला बरं वाटायचं. बायकोला म्हणायचो, "बघ, बसला भिकाजीचा धंदा." आणि पलीकडं हा सुक्या कोळशाच्या ढिगापाशी एकटा बसून माझ्या शिव्यांची वाट बघत होता.